सरांचा अभिषेक

रात्रपाळी उरकून वाल्मीक अण्णा सातपूरला त्र्यंबकहून येणाऱ्या बसमध्ये चढले, ते थेट झोपायच्याच तयारीनं. पण पुढच्या सीटवर कॉलेजची दोन पोरं. मुलगी सई, मुलगा यशोधन. नावं बोलण्यातूनच कळली. त्यांच्यापुढं झोप कसली लागतीय!

"यशोधन, इंटिग्रेशन झालं का रे?"

"फॉर्म्युले पाठ आहेत. कुठला कुठं लावायचा, तेवढं कळत नाही."

"अरे, दुसऱ्या सेमचं मॅथ्स ते, अजून अडकलंय तुझं! आजचा पेपर गेला तर तिसऱ्या वर्षाला घेणार नाहीत."

"माहितीये गं. मग आहेच, बाबांशेजारी पाटावर बसायचं आणि जन्मभर पूजा सांगायच्या."

"तुला कसली काळजी? पोरगं पास व्हावं म्हणून लोक लांबून तुमच्याच घरी अभिषेकाला येतात."

"येतात की. परवा आपले मॅथ्सचे सर आले होते."

अण्णांचा एक डोळा उघडला.

"सर? ते कशाला?"

"वर्गाचा निकाल चांगला लागू दे म्हणून. सोवळं नेसून बसले होते. बेल मीच आणून दिला."

"अय्या! मग वर्गात तूही आलास की!"

"भरवसा नको म्हणून बाबांना म्हटलं, माझ्या नावानं वेगळा एक करून टाका. घरचंच तर आहे."

"मग?"

"चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, 'ते यजमानांसाठी असतं. घरच्यांनी अभ्यास करायचा.'"