तिनं विचारलं, हिनं सांगितलं

आता मला सांगा, समोर बसलेल्या बाईनं आपलं बोट हातात धरून विचारलं, 'काय झालं हो याला?', तर माणूस काय सांगणार? जे झालं तेच सांगणार ना? का गणपतीची आरती म्हणणार? पण नाय! वर्ष झालं, आमच्या गडब गावचं कुणीही उठतं आणि म्हणतं, पुतळीनं कंपनी घालवली. पुतळीनं! जिनं जन्मात सासूला उलटून उत्तर दिलं नाय, तिनं म्हणे साठ बायकांची कंपनी घालवली! अहो, तिनं विचारलं, हिनं सांगितलं... तुम्हाला सांगतो, एवढंच झालं, एवढंच!

पुतळी म्हणजे आमच्या काळुराम म्हात्र्याची बायको. खाडीचं पाणी बांध फोडून मिठागरात शिरलं, तेव्हापासून काळुराम चार दिवस कामाला आणि आठ दिवस ओट्यावर. मग पुतळीनं धरली पेणची एसटी. तिथं गणपतीच्या कारखान्यांच्या पाठीमागं एक पत्र्याची शेड होती, ना पाटी ना नाव, आत साठ मशिनी, बाहेरून कुलूप. कुलूप कशाला? तर म्हणे माल चोरीला जातो. आणि बायका? त्या जाऊन जाऊन कुठं जाणार, त्यांना तर रोज पाण्याला उठायचं म्हटलं तरी सुपरवायझरकडं बघायला लागायचं, आणि तो घड्याळाकडं बघायचा!

शिवायचे काय, तर परदेशातल्या पोरांचे शर्ट. पण पुतळीनं शर्ट शिवला म्हणाल, तर तसं नाय. कॉलरवाली निराळी, बाहीवाली निराळी, काजवाली निराळी. पुतळीकडं खिसा. दिवसाला साडेतीनशे खिसे, सहा वर्षं! घरी येऊन ती काळुरामला विचारायची, "काय हो, एवढाल्या पोराला खिसा कशाला लागतो? त्यात ठेवतो काय तो, तपकीर?" काळुराम म्हणायचा, "त्यांची पोरं, त्यांचे खिसे, तू शिव."

आणि त्या वर्षी, सत्त्याण्णव सालची गोष्ट, गौरी आठवड्यावर आलेल्या, कंटेनर दारात उभा, दोन दिवस बायका घरी जाऊन नुसत्या आंघोळ करून परत येतायत, अशात पुतळीचा डोळा मिटला. पापणी लवली म्हणा ना! सुई उजव्या हाताच्या बोटाच्या नखातून आरपार, आणि आत तुटली. आता हिला दवाखान्यात न्यायची का नाय? पण कुलूप! आणि किल्ली शेठकडं, आणि शेठ पनवेलला! मग सुपरवायझरनं मशीन दुरुस्तीची पक्कड आणली, शेजारच्या मशीनवरच्या, आमच्याच गावच्या नंदाला म्हणाला, "धर हिला," आणि ओढली. वर मशीनचं तेल, त्यावर चिंधी... आणि पुतळी पुन्हा खिशाला बसली. कारण कंटेनर दारात ना! ते बोट पुढं वाकडंच राहिलं. काळं पडलं, नख गेलं.

पुढं पौषात बातमी आली की ज्या परदेशी दुकानात हे शर्ट जातात, तिथली एक बाई बघायला येणार. का? तर तिकडच्या पेपरात कुणीतरी लिवलं, की एवढा स्वस्त शर्ट मिळतो, तर शिवणारीला काय मिळत असेल? झालं! सहा वर्षं कुणाला प्रश्न पडला नव्हता, तो पडला! आणि इकडं शेडला चुना लागला, पंखे आले, थंड पाण्याची टाकी आली, संडासच्या दाराला, तुम्हाला सांगतो, आतून कडी आली! बायका नुसत्या कडी लावून बघायला जायच्या!

त्या सुपरवायझरचं नाव पोपट. बघा म्हणजे, नाव पोपट, आणि बोलायला शिकवायचा दुसऱ्यांना! तीन दिवस मशिनी बंद करून त्यानं साठ बायकांना पाढे म्हणावेत तसं घोकवलं. "किती तास काम?" — "आऽऽठ!" "जास्त वेळ बसता ते?" — "राजीखुशीऽऽनं!" "कुलूप?" — "कसलं कुलूऽऽप?" "शाबास! आणि पुतळे, तू पुढच्या मशीनवर बस. तुझा चेहरा हसरा हाय."

हसरा! नशीब बघा, हसऱ्या चेहऱ्यानं घात केला!

बाई आली. उंच, गोरी, सुती झगा, बरोबर मुंबईची दुभाषी पोरगी. ती पोरगी पुस्तकातलं मराठी बोलायची. "आपण येथे समाधानी आहात का?" पुतळीला 'समाधानी' काय कळेना. ती म्हणाली, "नाय बाय, मी म्हात्रे." मागं पोपटाला घाम! मग तासांचं विचारलं, पुतळी म्हणाली आठ. कुलपाचं विचारलं, पुतळी म्हणाली कसलं कुलूप. सगळं घोकल्याबरहुकूम! पोपट रुमाल खिशात घालणार, एवढ्यात त्या गोऱ्या बाईनं हळूच पुतळीचा हात उचलला, बोट बघितलं आणि विचारलं, हे काय?

आता हे पोपटानं घोकवलंच नव्हतं! कुणी एवढ्या मायेनं सहा वर्षांत विचारलं नव्हतं. तिनं विचारलं, हिनं सांगितलं. सुई सांगितली, पक्कड सांगितली, तेल सांगितलं, आणि पक्कड का, तर कुलूप होतं म्हणून, तेही सांगून बसली! दुभाषी पोरीनं इंग्रजीत सांगितलं, आणि ती गोरी बाई ढसाढसा रडायला लागली. अहो, सुई हिच्या बोटात आणि रडते ती! मग पुतळीनंच तिच्या पाठीवरून हात फिरवला, "रडू नको गो बाय, आता नाय दुखत."

बाईनं विचारलं, तुम्हाला काय हवं? पुतळी म्हणाली, "कुलूप काढा. आणि आठवड्याला एक डॉक्टर येऊ द्या." दोनच गोष्टी. बाईनं लिहून घेतल्या, बोटाचा फोटो काढला आणि गेली.

महिन्यात काय आलं? डॉक्टर? छे! कागद आला. अशा ठिकाणचा माल आम्हाला नको. शेठनं मशिनी टेम्पोत घातल्या आणि शेडचं कुलूप... निघालं नाय हो, तेच उलट कायमचं लागलं!

साठ बायका घरी. नंदा, जिनं तिला सुई ओढताना धरली होती, जी सहा वर्षं तिच्या डब्यातलं सुकट खायची, ती नागोठण्याला कॉन्ट्रॅक्टरकडं घमेली उचलायला गेली, आणि नळावर पुतळी दिसली की हंडा उचलून निघून जायची. अर्धा भरलेला हंडा! एका रात्री पुतळीनं काळुरामला विचारलं, "माझं चुकलं का हो?" तो म्हणाला, "सगळं खोटं घोकवलं होतं ना? मग तेवढं एक खोटं जमलं नाय तुला?" आणि मग बिचारा तिचा हात हातात घेऊन बसला नुसता.

पण पुतळी बसली नाय. शाळेतल्या प्रदीप मास्तरांकडं गेली, म्हणाली, त्या बाईला इंग्रजीत लिवा, आम्ही डॉक्टर मागितला होता, कंपनी बंद करायला नव्हती सांगितली. मास्तरांनी दोन दिवस डिक्शनरी घेऊन लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. मास्तरांनी ओट्यावर वाचलं, "तुमच्या धैर्यानं आमचे डोळे उघडले. अशा ठिकाणचे कपडे आम्ही आता विकत नाही. आता आम्हाला रात्री शांत झोप लागते."

पुतळीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "झोप लागते तिला... बरं झालं गो बाय. डॉक्टरचं काय लिवलंय?"

मास्तरांनी कागद उलटा करून बघितला. "त्याचं काय नाय लिहिलेलं."

आता तुम्ही म्हणाल, संपलं. संपतंय कशाला! दिवाळीनंतर पोपट स्कूटरवरून हजर! रोह्याला शेड निघाली. त्याच मशिनी, नवं नाव, नवा शेठ, म्हणजे जुन्या शेठचा मेव्हणा. दोन एसट्या बदलून जायचं, तास तेवढेच, आणि रविवारही भरायचा. आणि कुलूप? ते तर मशिनींच्या आधी लागलं होतं! तरी बाकीच्या एकोणसाठच्या एकोणसाठ निघाल्या, नंदासुद्धा. पुतळी मागं उभी होती, मला कशाला घेतील म्हणून. पोपटानं लांबूनच ओरडून सांगितलं, "तू पण ये! तुझ्यासारखा सरळ खिसा कुणाला जमत नाय. फक्त पाहुणे यायचे असले, की त्या दिवशी तू घरी!"

आणि आता तिकडच्या देशांत ही टूमच निघालीय हो, कपडा घेण्याआधी शिवणारीची चौकशी करायची. या महिन्यात एक आला, एक गेला, परत एक आला... आणि दरवेळी पुतळी घरी. बिनपगारी, पण घरी! उन्हात पाय पसरून बसते, दुपारची घोरते, तुम्हाला सांगतो, अंग भरलं बाईचं!

परवा नंदा स्वतःहून आली. वर्षभरानं! उंबऱ्यावर टेकली, चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग हळूच म्हणाली, "पुतळे, तू त्या बाईला काय काय बोललीस गो? मला पण शिकव ना. मला पण एक दिवस झोपायचंय."