काही चुकतंय का?

मंडळी, अनंतभाऊंच्या शोकसभेला मागे बरीच माणसं उभी आहेत. पेणहून आलीत, नागोठण्याहून आलीत, पहिल्या शिफ्टची मंडळी घरी न जाता थेट इकडे आलीत. सुलभावहिनी समोर बसल्यात, शेजारी त्यांची लेक मेधा. त्यांच्याकडे बघून बोलायचं मला जमणार नाय. तेव्हा मी जरा खिडकीकडे बघत बोललो तर राग मानू नका.

ज्यांना मी ठाऊक नाय त्यांना सांगतो. मी इब्राहिम. आखातातून परत आलो आणि रोह्याच्या एसटी स्टँडसमोर एसटीडी बूथ टाकला. बोलणं हा माझा धंदा नव्हे. लोकांना बोलू द्यायचं आणि आपण मीटरकडे बघत बसायचं, हा माझा धंदा. पण अनंतभाऊ म्हात्र्यांनी मला कधी निवांत मीटरकडे बघत बसू दिलं नाही.

अनंतभाऊ मुंबईच्या पेपराचे वार्ताहर. रोहा आणि पेण, दोन्ही तालुके त्यांच्याकडे. दिवसभर हिंडायचे आणि संध्याकाळी माझ्या बूथवरून मुंबईला बातमी सांगायचे. पण फोन लावायच्या आधी त्यांची एक खोड होती. बूथचं दार सताड उघडायचं, बाहेर रांगेत जे कोण असतील त्यांना हाक मारायची, आणि लिहिलेली बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायची. मग कागद खाली धरायचा आणि विचारायचं, "काही चुकतंय का?" आणि गप्प उभं राहायचं. कोणी काही बोललं नाही तरच फोन.

मी वैतागायचो. रांगेतल्या माणसाला दुबईला पोराशी बोलायचंय, आणि हे त्याला नळपाणी योजनेची बातमी ऐकवतायत. मी म्हणायचो, "अनंतभाऊ, माझी गिऱ्हाइकं पळतील हो." ते म्हणायचे, "इब्राहिम, उद्या ही बातमी सगळा जिल्हा वाचणार. त्याआधी चार जणांनी ऐकली तर तुझं काय जातं?"

आणि लोक चुका काढायचे, बरं का. एकदा वाचलं, अमुक पुढाऱ्यांच्या हस्ते नारळ फोडून रस्त्याचं काम सुरू. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "नारळ फुटला, व्हय. काम कुठं सुरू झालंय? नारळ घेऊन गेले परत." सगळी रांग हसली. अनंतभाऊंनी वाक्य खोडलं, नवं लिहिलं आणि बातमी परत पहिल्यापासून वाचली. पुढाऱ्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी बूथवर येऊन मलाच दम देऊन गेला. जसा काही मी संपादक.

मला त्या खोडीची किंमत इतरांपेक्षा लवकर कळली, त्याला कारण आहे. तिकडे लढाई पेटली तेव्हा मी आखातातच होतो. एक रेडिओ सांगायचा शहर पडलं, दुसरा सांगायचा काहीच झालं नाही. इकडे माझ्या आईला कोणीतरी सांगितलं की आमच्या कामगारांच्या कॅम्पातलं कोणी उरलं नाही. जगभरचे पेपर, जगभरचे रेडिओ, पण मी स्वतः जाऊन बघून आलो असं म्हणणारा एक माणूस आम्हाला मिळाला नाही. तो मला इथे रोह्यात, माझ्याच बूथच्या दारात मिळाला.

आता ती संध्याकाळ सांगतो. तुमच्यातल्या बहुतेकांनी ती भोगलीय. एका कारखान्यातून वायू सुटला. नाव घेत नाही, आज तो विषय नव्हे. डोळे चुरचुरायला लागले, माणसं तोंडाला ओला फडका लावून शेतातून पळत सुटली. थोड्याच वेळात सगळ्या रोह्यात एकच बोलणं, कारखान्याशेजारची वस्तीच्या वस्ती मेली. माझ्या बूथची रांग रस्त्यापर्यंत गेली. जो तो फोनवर आपल्या माणसाला सांगतोय, वीस मेली, पंचवीस मेली.

अनंतभाऊ आले ते खोकतच आले. वस्तीत घरोघर फिरून, दवाखान्यात प्रत्येक खाटेपाशी उभं राहून आले होते. दार उघडलं आणि वाचायला लागले. वायू सुटला. माणसं आजारी आहेत, मुलांचे डोळे सुजलेत. कारखान्याने धोक्याचा भोंगा वाजवला नाही. अद्याप कोणी दगावल्याचे आढळलेले नाही. कागद खाली. "काही चुकतंय का?"

रांगेतून बायजाबाई पुढे आली. ती बघा, तिकडे खांबाला टेकून बसलीय. खाडीकाठची, बाजारात मासळी विकते. तिचा चंदर, लग्नाचा झालेला गडी, त्याच कारखान्यात कंत्राटी कामाला.

ती म्हणाली, "चुकतंय. माझा चंदर मेला. समदी सांगतात. लिव."

"बाय, तू बघितलास का त्याला?"

"नाय बघितला. कुठंच दिसत नाय, म्हनून तर मेला."

"मग मी लिहितो, चंदर अजून सापडलेला नाही. मेला असं नाही लिहिणार गो."

बायजाबाईने त्यांना पुढे जे ऐकवलं ते वहिनींसमोर मला सांगता येणार नाही. ती स्वतःच हसतेय बघा आता. पण त्या दिवशी हसायचं नव्हतं. "कंपनीनं तुला इकत घेतला," ती म्हणाली, आणि सगळी रांग तिच्या बाजूने बोलायला लागली. ज्यांच्यासाठी हा माणूस उन्हातान्हात हिंडला त्यांनीच त्याला तोंडावर विकाऊ म्हटलं. अनंतभाऊ बूथमध्ये शिरले. मला म्हणाले, "फोन लाव."

मुंबईचा साहेब फोनवर इतका ओरडत होता की मला बाहेर ऐकू येत होतं. दुसरे सगळे पेपर वीस देतायत, आपण काय शून्य द्यायचे? उद्या आपला पेपर घेणार कोण? तुम्हाला जमत नसेल तर आम्ही दुसरा माणूस बघतो. अनंतभाऊ म्हणाले, "दुसरा बघा, साहेब. पण आजची बातमी अशीच घ्या. मी बघून आलोय." आणि त्यांनी ती सावकाश, एकेक वाक्य सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पेपरांत ही मोठी अक्षरं, वीस ठार. आपल्या पेपरात कोपऱ्यात अनंतभाऊंची बातमी. स्टँडवर कोणीतरी त्यांचा पेपर पायाखाली घेतला. वहिनींना नळावर बायकांनी टोमणे मारले. वहिनी, तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाहीत, पण मला माहीत आहे.

आणि अनंतभाऊ कुठे होते? ते पहाटेच्या गाडीने चंदरला शोधायला निघाले होते. नागोठण्याला उतरले, स्टेशनवरच्या माणसांना विचारलं, कोणी बघितला नव्हता. पुढची गाडी पकडली, कासूला उतरले, तिथे विचारलं. तिथे एकाने सांगितलं, काल डोळे चोळत एक माणूस उतरला खरा. चंदर आपल्या मामाच्या घरी पडलेला होता. वायू सुटल्यावर पळत सुटला, समोर गाडी दिसली, चढला. डोळे इतके सुजलेले की परत यायला वाट दिसेना.

दुपारी ते त्याला हाताला धरून बूथवर घेऊन आले. बायजाबाई माझ्या पायरीवरच बसलेली. तिने आधी चंदरच्या दोन थोबाडीत दिल्या आणि मग त्याच्या गळ्यात पडून अशी रडली की रस्त्यावरची रिक्षा थांबली. अनंतभाऊ बाजूला उभे राहून चष्मा पुसत होते. कुणाला एका शब्दाने म्हणाले नाहीत की बघा, मी सांगत होतो.

पण मंडळी, मला अभिमान आहे तो याच्या पुढच्या गोष्टीचा. त्याच संध्याकाळी कारखान्याचा साहेब जीपमधून हसत उतरला. "म्हात्रे, तुम्ही एकट्याने खरं लिहिलंत. आता एवढंच लिहा की काहीच झालं नव्हतं, नुसता वास आला होता." हातात छापील निवेदन. अनंतभाऊंनी ते घेतलं, म्हणाले, "लिहितो की." दार उघडलं आणि साहेबासमोरच रांगेला वाचून दाखवलं. कारखान्याचं म्हणणं, काहीच झालं नाही. "काही चुकतंय का?"

रांगेत चंदर उभा होता, लाल डोळ्यांचा. त्याला उत्तर द्यायचं होतं, पण खोकल्याने बोलता येईना. त्याच्या मागचा खोकायला लागला, मग त्याच्या मागचा. साहेब जीपमध्ये जाऊन बसला.

अनंतभाऊंनी दोन्ही लिहिलं. कोणी मेलं नाही, हेही. वायू सुटला होता आणि कारखाना ते लपवतोय, हेही. पुढे चौकशी बसली तेव्हा कारखान्याच्या वकिलाने ते वीस ठारवाले पेपर टेबलावर मांडले आणि म्हणाला, बघा, सगळ्या अफवा. मग अनंतभाऊंची बातमी पुढे आली. त्यात खोडायला त्याला एक शब्द सापडला नाही. आज त्या वस्तीवर भोंगा वाजतो, दर महिन्याला डॉक्टर येतो, तो त्या कोपऱ्यातल्या बातमीमुळे. एक खोटा मेलेला त्यांनी लिहिला असता ना, तर आपली सगळी खरी दुखणी त्याच्याबरोबर खोटी ठरली असती.

मुंबईवाल्यांनी दुसरा माणूस बघितला नाही. कुठून बघणार? बायजाबाईचं म्हणाल, तर तेव्हापासून बाजारातून परत जाताना म्हात्र्यांच्या घरी मासळीचा वाटा टाकल्याशिवाय ती पुढे गेली नाही.

आता एक शेवटचं. त्यांच्याच पेपराने त्यांच्या जाण्याची बातमी छापली, पेणचे वार्ताहर अनंत म्हात्रे. पेणवाल्यांनो, हसू नका. तुमचेही होते ते. पण माणूस रोह्याचा, रोह्याच्या खाडीवर जन्मलेला. म्हणून दुरुस्ती मी लिहिलीय. इथून जाऊन बूथवरून मुंबईला सांगणार आहे. पण त्यांच्या पद्धतीप्रमाणे आधी तुम्हाला वाचून दाखवतो.

"रोहा. रोहा आणि पेण तालुक्यांचे वार्ताहर अनंत म्हात्रे यांचे सोमवारी सकाळी रोहा येथे राहत्या घरी हृदयविकाराने निधन झाले. लोकांना वाचून दाखवून मगच ते बातमी देत. त्यांच्यामागे पत्नी सुलभा आणि कन्या मेधा आहेत."

त्यांची एकही बातमी खोटी ठरली नाही, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. अनंतभाऊ म्हणाले असते, सगळ्या तपासल्यास का?

मंडळी, आता सगळे उभे राहूया. मी कागद खाली धरतो. ते उभे राहायचे तसेच गप्प राहूया. एवढ्या वेळात तुमच्यापैकी कोणी पुढे येऊन म्हणालं, इब्राहिम, तुझी बातमी चुकलीय, अनंता गेला नाय, मी आत्ता बघून आलो, तर हा कागद मी इथेच फाडीन. कोणीच बोललं नाही, तर मग मी फोन लावायला जातो.

काही चुकतंय का?