शुद्ध वाणाची बाग

पीकरोग तपासणीच्या खिडकीपाशी रांगेत माझ्यापुढे एक केळीबागवाले होते. पिवळं पडलेलं पान त्यांनी आतल्या बाईंपुढे ठेवलं.

"सगळीच झाडं अशी झालीत?"

"सगळीच. पण वाण एकदम शुद्ध हं, मॅडम! आजोबांनी एक केळ लावली, तिच्याच बुडाला फुटलेले मुनवे काढून आजवर लावत आलोय."

"म्हणजे सगळी मिळून एकच झाड. एकाला रोग झेपला नाही, तर कुणालाच झेपणार नाही."

"असं कसं? हजार झाडं आहेत!"

"बीच धरत नाहीत, मग अंगात नवं काही येणार कुठून? जवळपास बियांची रानकेळ आहे का?"

"होती ना, बागेच्या कडेला, ओढ्याकाठी. भिकार फळ! घासभर गर आणि तोंडभर बिया. दातच पडायचा एखाद्याचा."

"तिला लागला होता हा रोग?"

"तिला काय धाड भरलीय! चांगली तरारली होती."

"मग तिचा एक मुनवा आणून द्या. नवा वाण करायला आम्ही तसलीच शोधतोय."

"गेल्या आठवड्यात मुळासकट उपटली हो."

"का?"

"शुद्ध वाणाचं बक्षीस द्यायला तुमचेच साहेब येणार होते ना बागेत!"