पहिलं बक्षीस, ओल्या कचऱ्याचं

...पण मुळात माझ्या घरात कचरा होतोच कुठे, तुम्हीच सांगा! दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराचे डोसे, कोथिंबिरीच्या काड्या सारात... चाळीस वर्षं संसार केला, एक साल टाकलं नाही हो! आणि मागच्या महिन्यात आमच्या सर्जापूर रोडच्या अपार्टमेंटात माइकवरून पुकारतात काय, तर "गांडूळखतासाठी सगळ्यात जास्त ओला कचरा, पहिलं बक्षीस, महानंदा अक्का!" अय्यो, मला तर बोलायलाच सुचेना!

म्हटलं, चुकलं असेल, स्वल्प, जरासं बघा पुन्हा. तर ती निवेदिता, खाली कंपोस्टचं बघते ना, पुण्याची, फाडफाड बोलते, म्हणाली, "काकू, मिस्टेक नाही हो! तुमच्या फ्लॅटची बादली मी लांबून ओळखते! बाकीचे सालं अख्खी टाकतात, तुमची कशी भाजून, वाटून, वर कढीपत्त्याची फोडणी! लगेच कुजतं, सुपर्ब! फक्त तिखट जरा कमी हं!"

फोडणी? अहो, कचऱ्याला फोडणी कोण देतं?... आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती माझी चटणी! श्रीवत्स, माझा मुलगा, बोटं चाटून दाखवायचा, "अम्मा, फर्स्ट क्लास!" सून दिव्यश्री त्याच्या वरताण, "अत्ते, उरली असेल तर डब्यात द्या ना!" आणि मी वेडी, रोज दोघांचे डबे भरभरून... ती चटणी ऑफिसला जातच नव्हती हो! लिफ्टनं थेट तळघरात, आमच्याच नंबरच्या बादलीत! अय्यो, मला तर बोलायलाच सुचेना!

घरी दोघं बसले माना खाली घालून. श्रीवत्स म्हणतो, "अम्मा, तुझं मन मोडवेना गं." मन मोडवेना म्हणून... गांडुळांना घातलीस? रडले मी, खोटं कशाला सांगू. दोन दिवस चटणी बंद!

तिसऱ्या दिवशी दारात निवेदिता. "काकू, तब्येत बरी ना? तुमची बादली रिकामी, गांडुळं पण सुस्तावलीत. चटणी नाही केली?" आता बघा, चाळीस वर्षांत माझी चटणी मागायला आपणहून दारात कोण आलं होतं हो? अय्यो, मला तर बोलायलाच... सरी, बरं म्हटलं, उद्यापासून करते.

करते रोज. मिरची तेवढी घालत नाही... गांडुळांना सोसत नाही म्हणे!