अडखळायची तालीम

स्पर्धकाने आत उभं राहून उत्तरं द्यायची, पंखा बंद ठेवलेली काचेची खोली. जगभरच्या नद्या पाठ करून चुरचुरणारे डोळे. न्यूयॉर्क, १९५७. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत आज एडना विजेत्या विल्बरशी लढणार होती. स्टुडिओशेजारी कॉफीच्या रांगेत तिच्या पुढेच विल्बरची बायको मेबल शेजारणीशी बोलत होती.

"अगं मेबल, त्या नदीचं नाव सांगायला विल्बरने किती वेळ लावला! माझा जीव टांगणीला."

"घरी आरशापुढे तर झकास जमत होतं."

"काय?"

"अडखळणं गं. ओठ चावायचा, मान हलवायची, मग उत्तर."

"म्हणजे उत्तर आधीच...?"

"हळू बोल, बाई! आज हरणारेय तो."

"कोण म्हणतं?"

"ज्यांनी जिंकवलं तेच."

एडना रांगेतून बाहेर पडली.

सकाळी निर्मात्याने तिला विचारलं होतं, "ओठ चावता येतो?" तिने हसत चावून दाखवला होता.