वैशाखातलं पाणी

चाळीस वर्षं हिंदीतल्या भल्याभल्या लेखकांच्या चुका काढणारे समीक्षक धर्मराज वाटूरच्या बसथांब्यावर कान टवकारून बसले होते. शेजारी बसलेली एक अनोळखी बाई त्यांचीच पहिली कादंबरी आपल्या सासूला मराठीत सांगत होती.

"मंग भर वैशाखात त्यानं मोसंबीच्या बागेला पाणी सोडलं."

"अगं, मृगाच्या पावसात बहार धरायचा तर वैशाखात बाग तहानलेलीच ठेवावी लागती! कोण हाय हा लिवणारा?"

"दुसऱ्याच्या पुस्तकातल्या चुका काढतेत म्हणं, आत्या."

"मंग ह्याची काढायला कुणीच भेटलं न्हाई का?"

धर्मराजांनी हसू दाबत खिशातून पेन काढलं.

"आत्या, उठा, जालन्याची गाडी आली!"

"जाऊ दे तिला. आधी सांग, त्या येड्याची बाग फुलली का?"

धर्मराजांनाही जालन्यालाच जायचं होतं. ते जागचे हलले नाहीत.