मेलेली दीर्घिका

जी नोकरी मला मिळाली नाही, तिची मुलाखत आठवली की अजून हाताला घाम सुटतो. मी सुट्टीत गावी, कासूला घरी होते. दुपारी ऑनलाइन मुलाखत, आणि नेमकी लाइट गेली. काकांनी मला बाइकवरून पेणला, त्यांच्या मास्तर मित्राच्या घरी नेलं.

सुरुवात छान झाली. मी सांगितलं, मी अभ्यासलेल्या दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच एका दूरच्या आकाशगंगेत, नवे तारे जन्मणं थांबलंय. अशा दीर्घिकेला आम्ही मेलेली म्हणतो. तेवढ्यात मुलाखत घेणाऱ्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "तिथली धूळ विचारात घेतलीत का?"

मी माझा आलेख पुन्हा पाहिला. घेतलीच नव्हती. धुळीमागे नव्या ताऱ्यांचा उजेड झाकला गेला होता. काहीतरी ठोकून देता आलं असतं, पण मी म्हणाले, "चूक माझी आहे. तिथे तारे अजून जन्मतायत."

 पलीकडून "थँक यू" आणि स्क्रीन बंद.

काका बाहेर ओट्यावर थांबले होते. "काय झाला गो?"

मी रडतरडतच सांगितलं, "नोकरी गेली, काका. जिला मी मेलेली म्हणत होते, ती दीर्घिका मेलेलीच नाही."

काका गोंधळले. "म्हणजे जिवंत हाय ना ती? मग रडतेस कशाला गो?"